पास झालेलं डोकं

"मॅडम, ह्या फोटोत दुःख कुठाय? जरा बोट ठेवून दाखवा की!"

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही. तो दीक्षाचा. आणि खरं सांगायचं तर तिचाही नाही, मोनाली आणि मेहक या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तिच्या तोंडात घातलेला. "विचारून दाखव, आठवडाभर माझी सायकल तुझी," असं मेहक म्हणाली होती. प्रश्न विचारला तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडासमोर धरलं होतं आणि माझ्या अंगाला कापरं भरलं होतं. (फिल्मला कुठं कापरं भरतं, असं म्हणू नका. एका कोपऱ्याला धरून हलवून बघा, कशी थडथडते ती!) कारण दुःख माझ्यात दिसतं की नाही, यावरून एका बाईच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे, उगाच खूश होऊ नका! दवाखान्यातली, एमआरआयची. हाडं दाखवतो तो एक्स-रे माझा थोरला चुलत भाऊ. त्याला सगळे ओळखतात, कारण ग्रहण लागलं की पोरं त्यालाच डोळ्यांपुढे धरतात. धरू नका म्हणून शाळेत सांगितलेलं असतं, तरी धरतात. माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. अंगावर चांदीच्या क्षाराचा पातळ थर दिला आणि बहिणींबरोबर मला काळ्या पाकिटात बंद करून टाकलं. उजेडाचा एक कवडसा जरी आत शिरला असता, तरी आम्ही सगळ्या वाया गेलो असतो. त्या अंधारात एकमेकींना चिकटून आम्ही एकच विचार करायचो, आपल्या वाट्याला काय येणार? कुणाच्या नशिबी गुडघा, कुणाच्या नशिबी मणका. मी मनात म्हणायचे, माझ्यावर काहीतरी भारी येऊ दे.

आलं. माझ्यावर एका बाईचं अख्खं डोकं आलं.

ते दोन हजार आठ साल होतं. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नवीन मशीन आलं होतं. त्याची नजर एवढी बारीक की कांद्याच्या पापुद्र्यासारख्या मेंदूच्या चकत्या दिसाव्यात, तेही सुरी न लावता! तिथले डॉक्टर एक अभ्यास करत होते. ज्यांचं मन महिनोन्‌महिने उदास राहतं, ज्यांना डिप्रेशनचा आजार आहे, त्यांच्या मेंदूत इतरांपेक्षा काही वेगळं असतं का, हे त्यांना शोधायचं होतं.

त्या अभ्यासात शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याची रंजना होती. दीक्षाची आई. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. पण जी बाई कांदा काढताना सगळ्यांच्या पुढच्या सरीत असायची, तिला सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायला नको वाटायचं. दूध उतू जाताना ती बघत उभी राहायची आणि गॅस बंद करायला हात उचलायचा नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. हळूहळू हात उचलायला लागला. एकदा तर ती मोनालीच्या आईच्या चेष्टेला हसलीसुद्धा. मग डॉक्टरांनी विचारलं, "ताई, आमच्या अभ्यासात येता का?"

मशीनमध्ये जाताना तिनं मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, केसांतल्या पिना काढल्या, आणि सगळं नवऱ्याच्या, म्हणजे सतीशच्या रुमालात बांधून दिलं. आत आवाज कसला, तर बोअरची गाडी दारात उभी राहिल्यासारखा! त्या आवाजात रंजनाला चक्क झोप लागली. बाहेर आल्यावर सतीश म्हणाला, "आगं, तिथं झोप कशी लागली तुला?"

"आत कुणी काय इचारत नव्हतं," ती म्हणाली.

मग लेझरच्या किरणानं माझ्या अंगावर ओळीनं चित्रं उमटवली. फोडलेल्या अक्रोडासारखी, मधोमध कापलेल्या कोबीसारखी. मला उजेडाच्या पेटीवर लावलं. माझ्या आयुष्यातला पहिला उजेड! अशी झळकले म्हणून सांगू!

अभ्यासातल्या डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाठ नाही, रक्तस्राव नाही. फिल्म नॉर्मल आहे. गोळ्या मात्र..."

पण सतीश 'नॉर्मल' ऐकताच उठला होता. मोबाइल कानाला लावून तो व्हरांड्यात धावला, आपल्या आईला सांगायला. 'मात्र'च्या पुढचं वाक्य रंजनानं एकटीनं ऐकलं, आणि त्या दिवसांत तिला कुणाचंच वाक्य शेवटपर्यंत ऐकू यायचं नाही.

आता सतीशबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला उगाच वाईट समजाल. तो दौंड तालुक्यात कुरकुंभच्या एमआयडीसीत, एका औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातो. न्हावऱ्यावरून मोटरसायकलनं चौफुला, पुढं हायवे. तिथं ड्रमांना तीन रंगांची लेबलं लावतात. माल आला की पिवळं लेबल, म्हणजे तपासणी चालू, कुणी हात लावायचा नाही. लॅबनं पास केला की हिरवं. नापास झाला की लाल. एकदा हिरवं लागलं की त्या ड्रमवर कुणी शंका घ्यायची नाही, सरळ पुढं ढकलायचा. छपाई बिघडलेली लेबलं सतीश घरी आणायचा. दीक्षाच्या वह्यांवर नावाच्या जागी तीच असायची. मराठीची वही हिरवी, गणिताची लाल! बाईंनी विचारलं तर म्हणायची, "बाई, जसा माल तसं लेबल!"

तर त्या दिवशी घरी आल्यावर सतीशनं खिशातून एक हिरवं लेबल काढलं आणि माझ्या कोपऱ्यावर अंगठ्यानं दाबून चिकटवलं. "झाली पास!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. कुणाला फसवायचं नव्हतं त्याला. त्याला फक्त एवढंच माहीत होतं की हिरवं लागलं म्हणजे भीती संपली.

माझं काय कौतुक झालं म्हणता! स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटलेली होती, तिथं मला चार खिळ्यांनी ठोकलं. वाराही अडला आणि उजेडात मी दिसायलाही लागले. आळीतल्या बाया बघायला यायच्या. कुणी म्हणायचं, "ह्ये डोळं व्हय?" कुणी म्हणायचं, "मेंदू केवढा हाय गं रंजीचा, आन् बोलती येवढंसं!" मी सकाळच्या उन्हात तोऱ्यात चमकायचे.

मग एके दिवशी सतीशच्या आईनं, कुशाबाईनं, चहाची कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "रंजे, फोटू चांगला आलाय. आता त्वांड बी चांगलं ठिव. डोस्क्यात काय बी न्हाई म्हणत्यात डाक्टर."

"गोळ्या?" रंजनानं हळूच विचारलं.

सतीश म्हणाला, "पास झालेला माल परत रिॲक्टरच्या टाकीत घालतं का कुणी? बंद कर की. उगाच अंगाला सवय लागायची."

तेव्हा मला पहिल्यांदा माझा तोरा टोचला.

मित्रांनो, मी काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. मी घराचा नकाशा आहे. भिंती कुठं, जिना कुठं, हे माझ्यावर आहे. घरात कोण रडतंय हे माझ्यावर नाही. मशीनमध्ये रंजनाला झोप लागायच्या आधी हसरे चेहरे दाखवले होते, रडवे दाखवले होते, तेव्हा तिच्या मेंदूत कुठं काय हललं ते सगळं कॉम्प्युटरात गेलं, दुसऱ्या कितीतरी जणांच्या मेंदूंबरोबर मिसळून मोजायला. माझ्या वाट्याला नुसत्या भिंती आल्या. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मला तोंड नाही.

रंजना रोज माझ्याखाली उभी राहून भाकऱ्या करायची. फोडणीचा धूर माझ्यावर बसत गेला. एक पाल माझ्या मागं कायमची राहायला आली. बाया यायच्या बंद झाल्या. आता माझ्याकडे बघणारी एकटी रंजना. थापलेली भाकरी हातात तशीच राहायची आणि ती स्वतःच्याच मेंदूकडे बघत बसायची. एकदा ती माझ्याशी बोलली. "खरं हाय. तुझ्यात काय न्हाई. मंजी मीच खोटी."

मला वाटलं, खिळे उपटून खाली पडावं! ज्या बाईनं मला जन्माचा उजेड दिला, तिच्याविरुद्ध मी साक्ष देत होते, रोज, उन्हात चमकून. ती उठली नाही तर, "फोटो बघ की!" ती जेवली नाही तर, "फोटो बघ की!" दूध परत उतू जायला लागलं. कुशाबाई धावत येऊन गॅस बंद करायची आणि सगळी आळी ऐकेल असं बोलायची.  सतीश शिफ्टवरून आला की हिरव्या लेबलाचा सुटलेला कोपरा तेवढा परत दाबून बसवायचा.

आणि दीक्षा? नववीतली. आदल्या वर्षापर्यंत बाईंनी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरणारी. पण तालुक्याच्या कबड्डीत एका चढाईत तिघींना बाद करून आली, आणि तेव्हापासून तिचा आवाज घराच्या पत्र्याला लागायला लागला. सगळ्यांशी भांडायची, सगळ्यांना हसवायची. फक्त आईजवळ आली की तो आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक.

एका दुपारी ती आणि मेहक सायकलवर डबल सीट शाळेतून येत होत्या. कालव्याच्या कडेला दीक्षाला चपला दिसल्या. एकीला निळ्या दोऱ्यानं टाका घातलेला. तो टाका तिनंच घातला होता. पुढं रंजना बसली होती, पाय पाण्यात सोडून. कालवा भरून चालला होता.

दीक्षानं सायकल तिथंच टाकली. ओरडली नाही. आईजवळ जाऊन चिकटून बसली आणि तिचा पदर मुठीत धरला. मेहकही दुसऱ्या बाजूनं येऊन बसली.

"काय करतीस आई?"

"पाणी बघत हुते." पाण्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "दीक्षे, फोटूत काय न्हाई. मग ह्ये काय हाय?" आणि तिनं छातीवर हात ठेवला.

त्या संध्याकाळी दीक्षानं पकडीनं चारही खिळे काढले. माझा एक कोपरा फाटला, पण मला बरंच वाटलं. कुशाबाई ओरडली, "आगं, वारं यील की!"

"यिऊ दे," दीक्षा म्हणाली. मोनालीच्या घरून आणलेला गोणपाट तिनं तिथं ठोकला. ती रात्रभर आईचा हात धरून झोपली, हे आणि कालव्याचंही मला सकाळी कळलं, कारण तिनं दप्तरात कोंबताना मला सांगितलं.

मधल्या सुट्टीत मी चिंचेखाली तिघींच्या मांडीवर होते. मोनालीनं मला आभाळाकडे धरलं. "आयला, एवढं सगळं दिसतंय आन् मेन गोष्टच न्हाई?"

"असंल की," मेहक म्हणाली, "आपल्याला वाचता येत न्हाई. माझ्या अब्बाला बी ईसीजी वाचता येत न्हाई, पण त्यात असतंय ना?"

"मग ज्याला वाचता येतंय त्याला विचारायचं," मोनाली म्हणाली. "आज पुण्याची टीम सरकारी दवाखान्यात येणार हाय म्हणं, अभ्यासातल्या माणसांना परत तपासायला. दीक्षे, जा की. सगळ्यांसमोर विचार, ह्यात दुःख कुठाय म्हणून. चढाईला घाबरत न्हाईस आन् डॉक्टरला घाबरतीस व्हय?"

"घाबरती कोण?"

"मग लाव पैज. माझी सायकल," मेहक म्हणाली.

आणि अशी मी, मित्रांनो, परत मॅडमच्या हातात आले. दारात मोनाली आणि मेहक एकमेकींना ढकलत उभ्या. दीक्षानं तो प्रश्न विचारला. आतली एक नर्स हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"नाही दाखवता येणार," त्या म्हणाल्या.

"मंजी न्हाईच ते?"

"आहे. पण यात दिसत नाही. तुमच्या गावाचा विमानातून फोटो काढला तर घरं दिसतील. कुठल्या घरात आज कुणी जेवलं नाही, ते दिसेल?" मॅडमनी मला टेबलावर ठेवलं. "आम्ही खूप जणांचे मेंदू मोजतो. आजारी माणसांचे आणि बऱ्या माणसांचेही. सगळ्यांचं मिळून बघितलं की कुठंतरी केसाएवढा फरक सापडतो. पण एका माणसाची एक फिल्म बघून, हिला हा आजार आहे की नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही."

"मग तुम्ही नॉर्मल का म्हणलात?"

"गाठ नव्हती म्हणून." तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कोपऱ्याकडे गेली. "हे हिरवं काय आहे?"

दीक्षानं सांगितलं. पास झाल्याचं सांगितलं, गोळ्या बंद झाल्याचं, कालव्याचं. सांगताना तिचा तो पत्र्याला लागणारा आवाज बारीक बारीक होत गेला. मॅडम बराच वेळ त्या लेबलावरून बोट फिरवत राहिल्या.

"आमच्याकडूनही नीट सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या पप्पांना थांबवून सांगायला हवं होतं. हे बघ, गोळ्या परत सुरू करायला सगळी तपासणी लागेल, ती पुण्यातच होते; आईला उद्याच तिथं घेऊन या, मी असेन. तोवर तिला एकटं सोडायचं नाही, अजिबात नाही. जुन्या गोळ्याही आपल्या मनानं द्यायच्या नाहीत. आणि आज काही वेगळं वाटलं तर उद्याची वाट बघू नका, तडक इथं आणा."

दीक्षा उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. हा पुढचा प्रश्न पैजेचा नव्हता. तिनं तो मैत्रिणींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारला.

"मॅडम, ह्ये मला बी व्हईल का?"

"होईलच असं नाही. होणारच नाही, असंही मी सांगणार नाही. आईला असेल तर शक्यता थोडी जास्त असते. पण झालं तर लवकर ओळखता येतं, आणि उपचार असतात. लपवलं की ते वाढतं."

परत येताना सायकल दीक्षाकडेच होती, पैज जिंकली होती ना! पण ती चालवत नव्हती, हातात धरून चालत होती. मोनालीनं दोनदा चेष्टा करून बघितली, मग तिनंही दुसऱ्या बाजूनं हँडल धरलं.

मित्रांनो, आता थोडं माझं ऐका. मला जपा, धुरात टांगू नका, मी मोठ्या कष्टानं काढलेली आहे. माझ्यासारख्या हजारो फिल्म मोजून उद्या कदाचित डॉक्टरांना मोठं काही सापडेल, आणि मला त्याचा अभिमान वाटेल. पण माझ्याकडे बघून माणसाचा निकाल लावू नका. कुणी म्हणालं, मला आत काहीतरी होतंय, तर आधी त्याच्याजवळ बसा, त्याचा पदर मुठीत धरा. फोटो नंतर बघा.

संध्याकाळी सतीश पहिल्या शिफ्टवरून आला तेव्हा रंजना भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि कुशाबाई तिच्या पायाशी बसली होती. कालव्याचं ऐकल्यापासून तिची बडबड थांबली होती. खिडकीत गोणपाट बघून सतीश म्हणाला, "फिल्म कुठं गेली?"

दीक्षानं मला आईच्या अंथरुणावर पसरलं. गणिताच्या पुस्तकातून जपून ठेवलेलं एक लेबल काढलं, पिवळं. हिरव्याच्या बरोबर वर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. तिच्या पप्पांसारखंच.

सतीश ते वाचून तसाच उभा राहिला. डब्याची पिशवी अजून खांद्याला होती.

"तपासणी चालू?" तो म्हणाला.

"व्हय. मॅडम म्हणल्या, फिल्म गाठ शोधती, दुःख न्हाई. ह्या एका फोटोवरून आई पास बी न्हाई आन् नापास बी न्हाई. तिला खरंच आजार हाय, पप्पा."

रंजना कुशीवर वळली. तिनं पिवळ्या लेबलावर बोट ठेवलं, जसं मघाशी मॅडमनी हिरव्यावर ठेवलं होतं.

"मंजी मी खोटं बोलत नव्हते?" तिनं विचारलं.

 सतीश खाली बसला. मग दीक्षा उभी राहिली, आणि तिचा आवाज परत पत्र्याला लागला.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. उद्या मी शाळेत जाणार न्हाई. पहिल्या एस.टी.नं मी आईला पुण्याला नेणार, आन् मॅडम बोलवतील तवा दर खेपेला मीच नेणार. पप्पा, तुम्हाला सुट्टी मिळाली तर तिघं जाऊ, न्हाई मिळाली तर आम्ही दोघी. मॅडमचं वाक्य ह्या टायमाला मी शेवटपर्यंत ऐकून येणार. आन् एस.टी.त खिडकीची जागा आईची."